प्रस्तावना : प्रकाशाचा रंग आणि धातूतला इलेक्ट्रॉन

बारावीच्या मुलांना हमखास चकवणारा एक प्रश्न आहे. धातूवर पडणाऱ्या प्रकाशाची वारंवारता दुप्पट केली, तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा किती पट होईल? चार पर्याय समोर असतात आणि घाईतला विद्यार्थी 'दुप्पट'वर खूण करून पुढे सरकतो. बरोबर उत्तर 'दुपटीपेक्षा जास्त' असे आहे. किती जास्त, हे धातूवर आणि मूळ वारंवारतेवर अवलंबून. सोडियमवर 436 नॅनोमीटर तरंगलांबीचा निळसर-जांभळा प्रकाश टाकला, तर सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉन साधारण 0.54 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा घेऊन निघतो. (एका इलेक्ट्रॉनला एका व्होल्टचा चढ चढायला लागणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉन व्होल्ट.) वारंवारता दुप्पट केली की तोच आकडा 3.4 च्या घरात जातो, म्हणजे सहा पटींहून अधिक. हे असे का होते हे ज्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते, त्याला प्रकाशविद्युत परिणाम समजला असे मी खुशाल मानतो. सूत्र पाठ असण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

या विषयाची सुरुवात ज्या माणसाकडून झाली, त्याला त्यात फारसा रस नव्हता. 1887 साली हाइनरिश हर्ट्झ कार्ल्सरूहे येथे विद्युतचुंबकीय लहरींच्या मागे होता. एका फटीत ठिणगी पाडायची आणि दूरवरच्या दुसऱ्या फटीत तिचा प्रतिसाद म्हणून उमटणारी इवलीशी ठिणगी शोधायची, असे त्याच्या प्रयोगाचे स्वरूप. ती इवलीशी ठिणगी नीट दिसावी म्हणून त्याने ग्राहकाभोवती काळोखी पेटी बसवली, तर ठिणगी आणखी आखूड झाली. दुसरा कोणी असता तर वैतागून पेटी काढून टाकली असती. हर्ट्झने पेटीची एकेक बाजू काढून, मध्ये निरनिराळे पदार्थ धरून पाहिले. काच धरली की ठिणगी खुरटते, क्वार्ट्झ धरले की खुरटत नाही. काच अतिनील किरण अडवते, क्वार्ट्झ अडवत नाही. म्हणजे पहिल्या ठिणगीतले अतिनील किरण दुसऱ्या ठिणगीला मदत करत होते. त्याने निरीक्षणे छापली, स्पष्टीकरण द्यायच्या फंदात पडला नाही आणि आपल्या लहरींकडे परतला. सात वर्षांनी, वयाच्या अवघ्या 36 व्या वर्षी तो वारला. इलेक्ट्रॉन नावाची वस्तू तोवर कोणाला ठाऊकही नव्हती.

हर्ट्झच्या प्रयोगाच्या पुढच्याच वर्षी विल्हेल्म हाल्वाक्सने हा प्रकार ठिणग्यांच्या गोंधळातून बाहेर काढला. त्याचा प्रयोग आजही शाळेत करता येतो. सुवर्णपत्र विद्युतदर्शीवर जस्ताची पट्टी ठेवायची. ती आधी पॉलिश पेपरने घासून चकचकीत करायची, कारण वर चढलेला ऑक्साइडचा थर सगळ्या प्रयोगाचा विचका करतो. पट्टीला ऋण प्रभार दिला की पाने फाकतात. आता साधा बल्ब कितीही जवळ आणा, पाने फाकलेलीच राहतात. पाऱ्याच्या वाफेचा, क्वार्ट्झच्या नळीचा अतिनील दिवा लावला की ती मिटू लागतात. दिवा आणि पट्टी यांच्यामध्ये खिडकीची काच सरकवा, पानांचे मिटणे जागच्या जागी थांबते. काचेतून भरपूर जांभळा-निळा उजेड अजूनही पट्टीवर पडत असतो, डोळ्यांना तर फारसा फरकही जाणवत नाही. पण जस्ताच्या लेखी तो उजेड नसल्यासारखा. आणि पट्टीला धन प्रभार दिला असेल तर अतिनील दिव्यानेही पाने मिटत नाहीत. पट्टीतून बाहेर पडते ते काहीतरी ऋण आहे, एवढे यावरून कळते. 1899 साली जे. जे. टॉमसनने मोजमाप करून दाखवले, की ते 'काहीतरी' म्हणजे इलेक्ट्रॉनच.

जस्ताला अतिनील किरण लागतात, पण सगळ्याच धातूंना लागत नाहीत. युलिउस एल्स्टर आणि हान्स गाइटेल हे वोल्फेनब्युटेल गावातले दोन शाळामास्तर, जिवाभावाचे मित्र. सोडियम आणि पोटॅशियम यांच्यातून साध्या दृश्य प्रकाशानेही प्रभार सुटतो हे त्यांनी दाखवून दिले. विद्यापीठांच्या इतिहासात त्यांना जेमतेम एखादी ओळ मिळते, पण प्रत्येक धातूची स्वतःची एक मर्यादा असते आणि ती प्रकाशाच्या रंगाशी निगडित आहे, हा धागा त्यांच्या कामात स्पष्ट दिसतो. ही मर्यादा म्हणजे उंबरठा वारंवारता. सोडियमसाठी ती हिरव्या रंगाच्या आसपास येते, सीझियमसाठी पिवळ्याच्या आणि जस्तासाठी थेट अतिनील पट्ट्यात, 290 नॅनोमीटरच्या जवळपास.

इथे आमच्या पाठ्यपुस्तकांविषयी थोडी तक्रार करतो. पुस्तकात गोष्ट अशी मांडलेली असते : प्रयोगांतून चार नियम पक्के झाले, तरंगसिद्धांताला ते समजावता आले नाहीत, सगळे भौतिकशास्त्र हवालदिल झाले आणि 1905 साली आइन्स्टाइनने येऊन कोडे सोडवले. वाचायला छान वाटते. घडले मात्र असे नव्हते. 1905 साली वारंवारता आणि इलेक्ट्रॉनची ऊर्जा यांचे नाते कोणी धडपणे मोजलेलेच नव्हते. फिलिप लेनार्डने 1902 साली कार्बन आर्कच्या दिव्याने एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती : प्रकाशाची तीव्रता हजारपट बदलली तरी इलेक्ट्रॉनचा कमाल वेग बदलत नाही, फक्त त्यांची संख्या बदलते. प्रकाशाचा प्रकार बदलला की वेगात फरक पडतो हेही त्याच्या लक्षात आले होते, पण तो फरक कोणत्या नियमाने पडतो हे त्याच्या आकड्यांतून निघत नव्हते.

शिवाय लेनार्डला यात काही अरिष्ट दिसले नाही. त्याचे म्हणणे असे, की इलेक्ट्रॉन अणूच्या आत आधीच वेगाने फिरत असतो. योग्य वारंवारतेचा प्रकाश येऊन फक्त खटका दाबतो आणि इलेक्ट्रॉन मूळचाच वेग घेऊन निसटतो. ऊर्जा अणूची, प्रकाशाची नव्हे. असे धरले तर तीव्रतेचा वेगाशी संबंध नसणे ओघानेच आले. हे स्पष्टीकरण चूक निघाले, पण त्या काळी ते अगदी समंजस वाटत होते आणि बरीच वर्षे टिकले. 'तरंगसिद्धांत कोसळला' असे त्या दशकात जवळजवळ कोणीच म्हणत नव्हते. म्हणूनच आइन्स्टाइनच्या लेखाचे महत्त्व कोडे सोडवण्यापेक्षा मोठे आहे. कोणी मोजलेही नव्हते असे काहीतरी त्याने आधीच सांगून टाकले.

बर्नच्या पेटंट कचेरीत तृतीय श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ असलेल्या 26 वर्षांच्या या माणसाचा लेख 1905 च्या जूनमध्ये 'अनालेन डेर फिजिक' या नियतकालिकात आला. लेखाचा मोठा भाग प्रकाशविद्युत परिणामावर नाहीच. तो बंदिस्त पोकळीतल्या प्रारणाच्या एन्ट्रॉपीवर आहे. त्या गणितातून त्याला असे दिसले, की उच्च वारंवारतेचे प्रारण एखाद्या वायूसारखे, सुट्या सुट्या कणांचे असल्यासारखे वागते आणि प्रत्येक पुंजाची ऊर्जा वारंवारतेच्या प्रमाणात असते. प्लांकने 1900 साली मांडलेला स्थिरांक त्यात येतो, पण प्लांकने ऊर्जेचे तुकडे पोकळीच्या भिंतीतल्या दोलकांपुरते मानले होते. आइन्स्टाइनने ते प्रकाशालाच लावले. लेखाच्या शेवटाकडे, या कल्पनेचा पडताळा कुठे घेता येईल हे सांगताना, धातूतून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनचा मुद्दा येतो. एक पुंज एका इलेक्ट्रॉनला आपली सगळी ऊर्जा देतो. इलेक्ट्रॉन धातूतून सुटताना त्यातली ठराविक रक्कम भरतो. उरलेली गतिज ऊर्जा. सुटकेची ही रक्कम, म्हणजे वर्क फंक्शन, सोडियमसाठी सुमारे 2.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, जस्तासाठी सुमारे 4.3.

कैऱ्या पाडणाऱ्या पोरांना यातले मर्म चटकन कळेल. किलोभर वाळू मुठीमुठीने झाडावर उधळली तरी देठ तुटत नाही. छटाकभर वजनाचा एक नेमका दगड काम करतो. लाल प्रकाशाचा पुंज 1.8 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असतो. एक मिलिवॉटच्या लाल लेसर पॉइंटरमधून सेकंदाला सुमारे 3300 लाख कोटी पुंज निघतात. ते सगळे जस्तावर तासभर सोडले तरी एक इलेक्ट्रॉन बाहेर येत नाही. पाऱ्याच्या दिव्याच्या 254 नॅनोमीटर रेषेचा पुंज 4.9 इलेक्ट्रॉन व्होल्टचा, त्यामुळे तो अगदी क्षीण असला तरी इलेक्ट्रॉन निघतात, आणि विशेष म्हणजे लगेच निघतात. प्रकाश ही निव्वळ पसरलेली लहर असती तर काय झाले असते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दर चौरस मीटरला एक मायक्रोवॉट इतका मंद प्रकाश सोडियमवर पडतो आहे असे धरा. एका अणूच्या वाट्याला येणारी जागा आणि तीवर पडणारी ऊर्जा पाहिली, तर 2.3 इलेक्ट्रॉन व्होल्ट साठवायला त्या अणूला महिनाभराहून अधिक काळ लागेल. 1928 साली लॉरेन्स आणि बीम्स यांनी मोजले, तेव्हा विलंब असलाच तर तो तीन नॅनोसेकंदांपेक्षा कमी आहे असे दिसले.

आता सुरुवातीचा प्रश्न पुन्हा पाहा. वारंवारता दुप्पट केली की पुंजाची ऊर्जा दुप्पट होते, पण सुटकेची रक्कम तेवढीच राहते आणि एकदाच वजा होते. वाढीव ऊर्जा सगळीच्या सगळी इलेक्ट्रॉनच्या पदरात पडते. उंबरठ्याच्या जितके जवळून आपण निघालो असू, तितकी ही पट मोठी.

दुसरा एक घोळ याहून चिवट आहे. 'वारंवारता वाढवली की जास्त इलेक्ट्रॉन निघतात' असे अनेकांना वाटते. तीव्रता म्हणजे दर सेकंदाला दर चौरस मीटरवर येणारी ऊर्जा. ती तशीच ठेवून वारंवारता वाढवली, तर प्रत्येक पुंज महाग होतो, म्हणजे पुंजांची संख्या घटते. तेवढ्यापुरते पाहिले तर प्रवाह कमी व्हायला हवा. उलट बाजूने, उंबरठ्याच्या वर गेल्यावर धातूच्या आत खोलवर असलेल्या, अधिक घट्ट बांधलेल्या इलेक्ट्रॉनांनाही सुटण्याची संधी मिळते, म्हणून दर पुंजामागे सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे प्रमाण वाढते. प्रवाह वाढेल की घटेल हे या दोहोंच्या ओढाताणीवर आणि त्या विशिष्ट पृष्ठभागावर ठरते. परीक्षेत 'प्रवाह वारंवारतेवर अवलंबून नाही' असे लिहून गुण मिळतात. प्रयोगशाळेत ते विधान जसेच्या तसे टिकत नाही.

आइन्स्टाइनचे भाकीत आलेखाच्या भाषेत फार सोपे आहे. इलेक्ट्रॉनांना अगदी रोखून धरायला किती उलटा व्होल्टेज लावावा लागतो ते प्रत्येक वारंवारतेला मोजायचे. बिंदू एका सरळ रेषेत यावेत, आणि धातू कोणताही असो, रेषेचा चढ एकच असावा : प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनचा प्रभार. हे कागदावर अर्ध्या ओळीत मावते. हाताने करून दाखवायला दहा वर्षांच्या वर गेली. 1912 च्या सुमारास ह्यूज, आणि रिचर्डसन व कार्ल कॉम्प्टन यांनी मोजमापे केली, ती सरळ रेषेच्या बाजूने होती, पण शंकेला जागा ठेवणारी.

अडचण धातूच्या पृष्ठभागाची होती. सोडियम हवेत क्षणात काळवंडतो. साध्या निर्वातातही उरलेल्या वायूचा थर त्यावर बसत राहतो आणि आज घेतलेला आकडा उद्या जुळत नाही. शिकागोच्या रायर्सन प्रयोगशाळेत रॉबर्ट मिलिकनने यावर काढलेला उपाय पाहण्यासारखा आहे. त्याने काचेच्या निर्वात फुग्यातच एक छोटेखानी कारखाना थाटला. आत एका चाकावर सोडियम, पोटॅशियम आणि लिथियमचे ठोकळे बसवलेले. बाहेरून विद्युतचुंबकाने चाक फिरवायचे, ठोकळा एका पात्यासमोर आणायचा, पात्याने निर्वातातच त्याचा पापुद्रा खरवडून कोरा पृष्ठभाग उघडा करायचा, मग तो पाऱ्याच्या दिव्याच्या निवडक रेषेसमोर न्यायचा आणि मोजमाप संपताच दुसऱ्या जागी नेऊन त्याच पृष्ठभागाचे स्पर्शविभव मोजायचे.

हे शेवटचे काम अनेक वर्णनांत गाळले जाते, आणि सगळ्यात महत्त्वाचे तेच आहे. दोन निरनिराळे धातू तारेने जोडले की त्यांच्यात आपोआप व्होल्टेजचा काही फरक तयार होतो. उत्सर्जक सोडियमचा आणि ग्राहक तांब्याचा असेल, तर मीटरवर दिसणारा रोधक व्होल्टेज खरा नसतोच. त्यात हा फरक मिसळलेला असतो. हिशेब मांडून पाहिला तर गंमत अशी निघते, की दुरुस्ती न करता काढलेल्या आलेखावरून मिळणारे वर्क फंक्शन उत्सर्जकाचे नसून ग्राहकाचे असते. महाविद्यालयातल्या फोटोसेलच्या प्रॅक्टिकलमध्ये जे आकडे पुस्तकाशी जुळत नाहीत, त्याचे हे एक मोठे कारण. दुसरे कारण असे, की कॅथोडवरचा धातू थोडा उडून ग्राहकावरही बसलेला असतो. त्यावर प्रकाश पडला की तिथूनही इलेक्ट्रॉन निघतात आणि प्रवाह शून्यावर न थांबता उलटा वाहू लागतो. 'नेमका शून्य' कुठे धरायचा यावर सगळा निकाल हेलकावतो. जर्नलमध्ये प्लांकच्या स्थिरांकाची किंमत 6.6 आणण्यासाठी बिंदू इकडेतिकडे सरकवणाऱ्या मुलांना हे कोणी सांगत नाही. सांगितले असते, तर न जुळणारा आकडा त्यांनी लपवला नसता.

मिलिकनची रेषा सरळ आली. 1916 साली त्याने प्लांकच्या स्थिरांकाची किंमत दिली, ती आजच्या एककांत 6.57 गुणिले 10 चा उणे 34 वा घात ज्यूल-सेकंद. आजची किंमत 6.626. जो एक टक्क्याच्या आतला फरक दिसतो, त्याचा बराचसा भाग या प्रयोगाचा नव्हेच. चढावरून स्थिरांक काढताना इलेक्ट्रॉनचा प्रभार लागतो. तो मिलिकनने आपल्याच प्रसिद्ध तेलथेंबांच्या प्रयोगातून घेतला होता, आणि हवेच्या विष्यंदतेची किंमत थोडी चुकल्याने तो प्रभार सुमारे 0.6 टक्के कमी होता. एका उत्तम प्रयोगातली उणीव दुसऱ्या उत्तम प्रयोगात उतरली.

आणि एवढे करूनही मिलिकनचा प्रकाशपुंजांवर विश्वास बसला नाही. त्याच लेखात त्याने समीकरण अचूक ठरल्याचे मान्य केले आणि ते ज्या कल्पनेतून आले ती कल्पना धाडसी, नव्हे अविचारी आहे असा शेराही मारला. मला हा माणूस यासाठी आवडतो. जे खोटे ठरावे असे मनातून वाटत होते, त्याच्यासाठी त्याने वर्षानुवर्षे निर्वातात धातू खरवडले आणि जे दिसले ते छापले. तो काही एकटाच साशंक नव्हता. 1913 साली आइन्स्टाइनला प्रशियन अकादमीत घ्यावे अशी शिफारस करताना खुद्द प्लांक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लिहिले, की प्रकाशपुंजांसारख्या तर्कांत त्याचा नेम कधी चुकला असेल, पण ते फार मनावर घेऊ नये. नोबेल समितीचे शब्दही सावध होते. 1921 चे पारितोषिक 1922 च्या नोव्हेंबरात जाहीर झाले, तेव्हा प्रकाशविद्युत परिणामाच्या 'नियमाचा' उल्लेख केला गेला, पुंजांचा नाही.

तत्त्वज्ञांचे वाद चालू असताना तंत्रज्ञ कामाला लागले होते. 1932 साली 'अयोध्येचा राजा' आला आणि मराठी पडदा बोलू लागला. त्या पिढीतल्या बोलपटांत आवाज फिल्मच्या कडेला छापलेला असे. प्रोजेक्टरमधल्या एका छोट्या बल्बचा प्रकाश त्या पट्टीतून फोटोसेलवर पडे आणि प्रकाशाच्या चढउताराबरोबर विद्युतप्रवाह चढे-उतरे. इथे वारंवारतेचा प्रश्न अगदी व्यवहाराचा होता. टंगस्टनच्या तारेचा उजेड लाल आणि अवरक्त भागात जास्त. पोटॅशियमच्या सेलला त्यातला बराच भाग निरुपयोगी. 1930 च्या सुमारास चांदी, ऑक्सिजन आणि सीझियम यांचा संयुक्त थर असलेले कॅथोड आले, ज्यांचा उंबरठा अवरक्तापर्यंत खाली होता, आणि चित्रगृहांना हवा तो सेल मिळाला. नेमकी उलटी गरज आज लडाखमधल्या हानले येथे आहे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने सुमारे 4270 मीटर उंचीवर उभारलेल्या 'मेस' दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात 1088 फोटोमल्टिप्लायर नळ्या, म्हणजे अतिशय मंद प्रकाश टिपणारे फोटोसेल, आहेत. अवकाशातून आलेला गॅमा किरण वातावरणात शिरला की काही नॅनोसेकंदांची निळसर-अतिनील चमक उमटते. ती टिपायची म्हणून कॅथोड असे निवडतात की निळ्याला चटकन प्रतिसाद मिळावा आणि लाल उजेडाने विनाकारण गोंगाट होऊ नये. (सौर पॅनेलला मात्र या यादीत ओढू नये. तिथे इलेक्ट्रॉन पदार्थाबाहेर पडत नाही.)

वाचकाने सोबत दोन सावधगिरीच्या गोष्टी ठेवाव्यात. पहिली, उंबरठा वारंवारता ही साध्या दिव्यांच्या दुनियेतली मर्यादा आहे. अतिशय तीव्र लेसरमध्ये दोन किंवा अधिक पुंज एकाच वेळी एका इलेक्ट्रॉनला ऊर्जा देऊ शकतात आणि उंबरठ्याखालचा प्रकाशही इलेक्ट्रॉन काढतो. दोन पुंज एकदम शोषले जाण्याची शक्यता मारिया गोपर्ट-मायरने 1931 साली मांडून ठेवली होती, लेसर यायच्या कितीतरी आधी. दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी. 1969 साली लॅम्ब आणि स्कली यांनी दाखवले, की धातूतल्या इलेक्ट्रॉनला पुंजयामिकी लावली आणि प्रकाशाला जुनी लहरच राहू दिली, तरी आइन्स्टाइनचे समीकरण निघते. म्हणजे ज्या प्रयोगाकडे आपण प्रकाशकणांचा पुरावा म्हणून बोट दाखवतो, तो एकटा त्यासाठी पुरत नाही. प्रकाश स्वतःच पुंजांचा आहे हे मानण्यावाचून गत्यंतर न ठेवणारा पुरावा 1977 साली किंबल, डाजेने आणि मँडेल यांनी दिला. त्यांनी लेसरने उत्तेजित केलेल्या सोडियमच्या अणूंकडून येणारा प्रकाश तपासला आणि एक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा एक पुंज, सुटल्यावर दुसरा लगोलग येत नाही असे दाखवले. लहरीच्या कोणत्याही सिद्धांतात हे बसत नाही. ते फोटॉन मोजायला त्यांच्याकडे होत्या फोटोमल्टिप्लायर नळ्या.